त्रेचाळिसावं पान

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं चिमणे, तू! या वेळेला? तुमचा फोन तर आत जाताना कप्प्यात ठेवावा लागतो ना... मग बाहेर कशी? काढून तर नाही टाकलं?

आजोबांनी जीभ चावली. नात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. भलत्या वेळी भलतं बोलण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं.

जेवणाची सुट्टी होय... फाटकाबाहेर उभी आहेस. बरं, बरं. आवाज का असा?... सर्दी? असू दे, सर्दी तर सर्दी.

नाही, बाबाला नाही सांगत. तो अजून सगळ्यांना सांगत सुटलाय, पोरगी लढाऊ विमान चालवते म्हणून... अगं माहीत आहे, तुम्ही विमानातले प्रोग्राम लिहिता. त्यालाही माहीत आहे. पण बाप पडला ना.

हं, बोल... सांगायची परवानगी नाही? मग चालेल तेवढंच सांग. आजी आत स्वयंपाकघरात आहे, इथे मी आणि मांजर. मला त्यातलं कळत नाही, आणि मांजराला रस नाही.

हो... हो... थांब, माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर अडव. एकानं लिहायचं, तपासायचं दुसऱ्यानं. आमच्या छापखान्यातही तेच. आणि तपासणारी तू... चाळीस चाचण्या, प्रत्येकीपुढे खूण, खाली सही... आणि त्यातली एक केलीच नाहीस?... चाचणीचं मशीन दुसऱ्या कोणाकडे होतं. आदल्या चाचणीसारखीच दिसत होती. म्हणून केलीस खूण... हं.

आजोबा खुर्चीच्या कडेशी सरकून बसले.

आज दोनला बैठक... ती झाली की कागद बंद, आणि प्रोग्राम विमानात. हो, कळलं... नाही, कोणाला कळणार नाही हे खरंच आहे. गटाच्या त्या मोठ्या बाई कशा आहेत?... कडक. आणि कायम व्हायला अजून दोन महिने... अरे बापरे.

मी काय सांगणार गं? जन्मभर प्रुफं तपासली. विमानात बसायचं म्हटलं की आगगाडीचं तिकीट काढतो... हसलीस? बरं झालं.

ऐक ना... हे कोणालाच सांगितलेलं नाही. नर्सबाईंसाठी एक पुस्तक होतं, कुठलं औषध किती द्यायचं त्याचं. दोन कागद चिकटले होते. रात्री जेवताना आठवलं, बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस आलं होतं. मधलं पान न वाचताच मी सही करून आलो होतो... नाही, दुसऱ्या दिवशी बोललो नाही. लाज वाटली. पुस्तक छापून आलं, मी पैसे देऊन आणलं आणि ते पान अक्षर न् अक्षर वाचलं... नाही गं. एकही चूक नव्हती.

मग काय मग? तेच वाईट झालं. चूक निघाली असती तर बोलणी खाऊन मोकळा झालो असतो. आता कुठेही सही केली, साधं कुरिअर घेतलं तरी त्रेचाळिसावं पान डोळ्यांपुढे येतं... आणि तुझं तर विमान आहे, चिमणे. आत कोणीतरी बसणार.

काय म्हणायचं?... एवढंच. 'एक चाचणी मी केलेली नाही, माझी खूण खोडायची आहे.' मशीनचं नको सांगूस, सबब वाटेल. विचारलं तर सांग... काढलं तर? ते मला नाही सांगता येत. खोटा धीर कशाला देऊ?

पलीकडून एक गाडी गेल्याचा आवाज तेवढा आला.

हॅलो?... जातेस? बैठकीच्या आधी?... शहाणी गं माझी! हो, फोन ठेव कप्प्यात. संध्याकाळी कर, मी इथेच बसलोय. आणि हे बघ, त्या पानाचं आजीला नको...

स्वयंपाकघरात भांडी लावल्याचा आवाज येत होता. आजोबांनी तिकडे पाहिलं.

नाही, थांब. मीच सांगतो तिला... हो, आत्ताच. तू तुझ्या बाईंकडे जा, मी माझ्या बाईंकडे जातो. बघू कोणाच्या जास्त कडक... हसतेस काय! पळ, वीसच मिनिटं आहेत. ठेवतो.

अगं... ऐकतेस का? जरा बाहेर ये.