पत्ता कोणी दिला याबाबत

मी, संध्या कोंडिराम वाघमारे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेबनीस), राहणार इंद्रलोक, भाईंदर पूर्व. आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन माझ्या आधीच्या तक्रारीला जोडून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी आई चंपाबाई अशा दोघीच राहतो. पती संघर्ष यांच्या मारहाणीमुळे मी कल्याणचे घर सोडले. त्यांनी माझ्याजवळ येऊ नये असा कोर्टाचा आदेश आहे. त्यांना ठिकाण कळू नये म्हणून आम्ही दारावर नावाची पाटी लावलेली नाही. कारखान्यात माझा पत्ता फक्त माझ्यासोबत काम करणाऱ्या ममता राणे यांना माहीत होता.

नोकरी सांभाळून मी गोधडीचे नमुने काढते व ते दर आठवड्याला बायकांना ईमेलने पाठवते. वाचक वाढल्यावर साध्या ईमेलवरून एवढ्या जणींना पाठवता येईना, मेल स्पॅममध्ये जाऊ लागले. असे मेल पाठवून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यातली एक ममता राणे यांनी सुचवली व लिंक पाठवली. लिंकमध्ये त्यांच्या पतीचे नाव होते. मी त्या लिंकवरून नाव नोंदवले तर त्यांना कमिशन मिळणार, हे मी ओळखले. त्या म्हणाल्या होत्या की, या कंपनीत घरचा पत्ता द्यावा लागत नाही. गिऱ्हाईक पटवायला असे बोलतात, असे मला वाटले. मी त्यांना काही न सांगता दुसरी कंपनी निवडली. तिथे मराठी अक्षरे नीट दिसत होती व सुरुवातीला पैसे पडत नव्हते. नाव नोंदवताना त्यांनी पत्ता विचारला. तो बिलासाठी असेल असे समजून मी खरा पत्ता भरला.

त्यानंतर एका रविवारी दुपारी संघर्ष आमच्या दारात आले. त्यांच्या हातात मिठाई होती. ते आवाज न चढवता म्हणाले, "तुझे मेल वाचतो मी. छान लिहितेस." मी जाळीचे दार उघडले नाही. शेजारच्यांनी दार उघडल्यावर ते निघून गेले. पुढच्या आठवड्यात मी कामावर असताना ते पुन्हा आले. आईने भीतीने त्यांना आत घेतले व चहा केला. ते काय बोलले ते आई अजून सांगत नाही.

माझ्या वाचकांच्या यादीत संघर्ष यांचे नाव मिळाले नाही. त्यामुळे ममता राणे माझे मेल त्यांना पाठवतात व पत्ताही त्यांनीच दिला, असा मला संशय आला. कमिशन बुडाल्याचा राग, असे कारण मी धरले व तशी तक्रार दिली. त्यावरून ममता राणे यांना इथे बोलावून त्यांचा मोबाईल पाहण्यात आला. मी समोरच्या बाकावर बसले होते. कारखान्यातही मी मालकांच्या कानावर घातले. त्यांनी ममता राणे यांना गोदामाच्या कामावर पाठवले.

काल तारोडी येथील ब्रिजिट नावाच्या बाई गोधडीसाठी जुन्या साड्यांचे गाठोडे घेऊन आमच्या दारात आल्या. त्या माझ्या वाचक आहेत, पण मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी जाळीतूनच विचारले की, तुम्हाला पत्ता कोणी दिला? त्यांना कोणी पाठवले असेल, हेच माझ्या डोक्यात होते. त्या म्हणाल्या, "बाय, तुमीच तर लिवलाय खाली. माना बाकी काय म्हाईत न्हाय." त्यांनी मोबाईल जाळीला लावून दाखवला. मेलच्या अगदी तळाशी, मेल बंद करण्याच्या बटणाखाली, बारीक अक्षरात माझा पूर्ण पत्ता होता, खोली क्रमांकासह. तो कंपनीकडून प्रत्येक मेलखाली आपोआप जोडला जात होता. मी तिथपर्यंत कधी वाचले नव्हते. ब्रिजिट बाईंना मी पाणीही विचारले नाही. त्या गाठोडे दाराशी ठेवून गेल्या.

त्यानंतर मी यादीतील नावे एकेक करून पाहिली. सुरुची या नावापुढच्या ईमेल पत्त्यात संघर्ष यांचा जुना मोबाईल नंबर आहे, म्हणजे त्या नावाने तेच माझे मेल घेत होते.

मी कंपनीकडे पत्ता काढायला सांगितले आहे. पण गेलेल्या मेलमधला पत्ता परत घेता येत नाही, असे त्यांचे उत्तर आले. आम्ही ही खोली सोडत आहोत. नवीन ठिकाण साहेबांना तोंडी सांगितले आहे, ते यात लिहू नये.

ममता राणे यांचा या प्रकाराशी काही संबंध नाही. त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार मी मागे घेते. संघर्ष यांच्याविरुद्धची तक्रार कायम आहे.

आज सकाळी मी ममताला फोन करून सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "तो परत आला का?" मी नाही म्हणाले. त्यावर तिने फोन ठेवला. नंतर मी दोन वेळा लावला, तो उचलला गेला नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून सही करते.

जबाब देणार,
(सही) संध्या कोंडिराम वाघमारे