लिंबातली कडी

तुमाला माहीतच हाय, झाडं कापायची मशीन दुरुस्तीला दुकानात आली की मी चालू करायच्या आधी साखळीचे दात बघतो. परवा मुंजाजी आला, म्हाताऱ्या बापाला फटफटीवर मागं बसवून. म्हणला, मशीन लाकूड कापतच न्हाई. बघितलं तर दात मोडलेले.

"मशीन चांगली हाय, मुंजाजी. लोखंड लागलंय हिला."

"शेताच्या धुऱ्यावरचा कडूलिंब कापायलोय, मिस्त्री. त्यात कुठलं लोखंड? कोण्या नालायकानं खिळा ठोकला आसंल."

बाप म्हणला, "खिळा न्हाई, कडी हाय. मीच ठोकली. तुझी माय त्या कडीला झोळी बांधून, तुला निजवून कापूस येचायची. लिंब वाढला, कडी आत गेली."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

मुंजाजीची माय जाऊन लय वर्षं झाली. मी नवी साखळी काढली. "बसवू का?"

"ऱ्हाऊ द्या." मशीन बाजूला सारून म्हणला, "अर्धं कापलंय, मिस्त्री. झाड जगंल का?"

मशीनचं इचारलं असतं, तर सांगितलं असतं मी.