एकुलती एक मधली

...आणि वर मलाच विचारतात, ‘तू मध्ये कशाला बोललीस?’ आता मध्ये कशाला म्हणजे? मला मध्ये उभं केलं कोणी? मी काय हौसेनं उभी राहिले होते? तुम्हाला सांगते, माणसाला एखादा भाऊ असावा, बहीण असावी, म्हणजे निरोप तरी वाटून घेता येतात. ‘आईचे तू पोचव, बाबांचे मी पोचवते.’ आमच्या घरात मी एकटी. लोक म्हणतात, एकुलत्या एक मुलीचे फार लाड होतात. होत असतील बाई कुणाचे! माझ्या वाट्याला काय आलं? एकुलती एक असून मी मधली!

थांबा, नीट सांगते. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बाबा कापतात, आई शिवते. पूर्वी आईचं मशीन पुढेच असायचं, बाबांच्या कापायच्या टेबलाला लागून. दिवसभर दोघांची तोंडं चालू आणि हातही चालू. ‘अहो, कॉलर द्या.’ ‘अगं, दम धर, कॉलर काय झाडाला लागते?’ असं छान चाललं होतं. मग बाबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी दुकानाची नवी पाटी रंगवून आणली. मोठी, पिवळी, लांबून दिसणारी. पाटीवर कात्री, पाटीवर टेप, पाटीवर बाबांचं नाव. आईनं हात पुसत बाहेर येऊन पाटी वरपासून खालपर्यंत बघितली आणि एकच विचारलं, “मशीन कुठाय?”

बाबा म्हणाले, “जागा नव्हती.”

“कात्रीला बरी जागा झाली?”

“अगं, पाटी आहे ती. ट्रंक आहे का, सगळं कोंबायला?”

आई म्हणाली, “बरं.”

हे ‘बरं’ फार वाईट असतं हं! आईनं भांडी आपटली तर घाबरू नये, भांडी आपटणारा माणूस अजून भांडायला तयार असतो. ‘बरं’ म्हणणारा माणूस भांडण संपवून निघालेला असतो. त्याच दुपारी आईनं मशीन ओढत ओढत पडद्यामागे नेलं. “पाटीवर जागा नाही ना, मग दुकानात कशाला अडचण?” हे ती मशीनलाच म्हणाली. बाबा इस्त्रीला म्हणाले, “लोकांना उगाच राईचा पर्वत करायची सवय असते.” आणि अबोला सुरू झाला.

आता अबोला म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी आमच्याकडे एक दिवस राहायला यावं. इतकी बडबड मी जन्मात ऐकली नव्हती! पुढे बाबांचा रेडिओ, मागे आईच्या मशीनची खडखड, एकाचं दुसऱ्याला ऐकू जायची सोय नाही, आणि काम तर एकमेकांशिवाय अडतं. मग? मी आहेच! शाळेतून येऊन दप्तर टेकवते न टेकवते तोच, “सांग तुझ्या आईला.” पडदा उचलला की, “सांग तुझ्या बाबांना.” त्या पडद्याची एक कड माझ्या हातांनी काळी पडली हो! गंमत बघा, शाळेत माझा आवाज हजेरीलासुद्धा निघत नाही. बाई म्हणतात, ‘हिच्या तोंडात कुलूप आहे.’ त्या बाईंना एकदा आमच्या पडद्यापाशी उभं करायला हवं. एकुलती एक असून मी मधली!

बरं, निरोप कसले, तर हे असले. आई म्हणणार, “सांग तुझ्या बाबांना, ताट झाकून ठेवलंय. गिळायचं तर गिळा म्हणावं.” मी पडद्याबाहेर येऊन म्हणणार, “बाबा, आई म्हणते जेवून घ्या, गार होतंय.” बाबा म्हणणार, “सांग तिला, मागच्यासारखं खारट असेल तर तिनंच खावं.” मी आत जाऊन म्हणणार, “आई, बाबा म्हणतात आलोच.”

सुरुवातीला मी जसंच्या तसं सांगायचे, हं. पण एकदा मावशी आली होती. मी आपली पडद्याच्या अलीकडे, धागे गुंडाळत बसलेली. मावशी म्हणाली, “कशाला राहिलीयेस इथे? मशीन घे आणि ये माझ्याकडे. माझी पुढची खोली रिकामीच आहे.” आईनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, “बघते गं. एखाददुसरा शब्द जरी धड बोलले ना, तरी राहीन.”

एखाददुसरा शब्द! आता मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? बाबांकडे धड शब्द नव्हता. माझ्याकडे भरपूर होते, शाळेत कुठे खर्च होत होते ते! मग मी निरोप गाळायला लागले. चहा गाळतो ना, तसं. चोथा वर ठेवायचा, चहा खाली द्यायचा. आणि चहा कमी पडला की... पदरचा घालायचा.

“आई, बाबा म्हणाले आजचा चहा छान झाला होता.”

आईनं मशीन थांबवलं. “असं म्हणाले? कपाळाला हात लावून बघ, ताप आहे का त्यांना.”

पण तुम्हाला सांगते, त्या दिवशी मशीन वेगळंच वाजत होतं. खडखड तीच, पण जरा तालात. इकडे बाबांना सांगितलं, “आई विचारतेय, गुडघा कसाय?” बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. “तिनं विचारलं?” म्हणाले. मग उगाच कात्री पुसत बसले, आणि जराशानं म्हणाले, “बराय म्हणावं.” हा ‘बराय’ मात्र मी न गाळता पोचवला, आणि आई माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला आता काय झालं! गुडघ्याबद्दल तिनं कुठे विचारलं होतं? मी पटकन म्हटलं, “म्हणजे, सगळं बरं आहे, असं.” किती सांभाळायचं एका माणसानं! पण आईनं बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण कुणी न सांगता लावलं. आईच्या वाढदिवसाला मी सांगितलं, “बाबा म्हणाले, तुझ्याइतकी सरळ शिवण या गावात कुणाची नाही.” आईनं मशीनवरचा पाय काढला. पडद्याकडे बघत राहिली आणि मग आरशासमोर जाऊन केस नीट विंचरून आली. मला वाटलं, झालं! आता पडदा धुवायला टाकायचा आणि मशीन पुढे आणायचं!

आणि तेवढ्यात आले आमचे गणिताचे सर.

सर निवृत्त होणार होते. शाळेत निरोपसमारंभ, त्यासाठी कोट. सरांचा उजवा खांदा उतरलेला आहे, वह्यांचे गठ्ठे वाहून वाहून. बाबांनी बघताक्षणी हेरलं. कापड कापतानाच उजव्या खांद्यात जास्तीच्या कापसासाठी जागा धरली आणि मला हाक मारली. “सांग तुझ्या आईला, अर्धं लक्ष बहिणीच्या घरी ठेवून शिवू नको म्हणावं. सगळं आयुष्य खांदे पाडून बसलीये, निदान या कोटाचा उजवा खांदा तरी भर. कापूस दुप्पट घाल म्हणावं. आणि तोंड वाकडं करायचं नाही.”

केवढा चोथा! बहिणीचं घर काढलं, आयुष्य काढलं, तोंड काढलं. पडद्यापर्यंत जाताना मी गाळत गेले. बहीण काढली. आयुष्य काढलं. तोंड काढलं. आईसमोर उभी राहिले तेव्हा हातात उरलं काय? “बाबा म्हणाले, कोट सरांचा आहे, छान कर.” खांदासुद्धा गेला की हो चोथ्याबरोबर!

सर ट्रायलला आलेच नाहीत. “तुमच्यावर विश्वास आहे,” म्हणाले. विश्वास! समारंभाच्या सकाळी कोट नेला आणि थेट व्यासपीठावर. मी सभागृहात अगदी मागे बसले होते, तरी दिसलं. कापड फुगलेलं, आत कापूस नाही, उजव्या खांद्यावर हा एवढा खळगा. सर बोलायला उभे राहिले की आणखीच कलंडल्यासारखे दिसायचे. माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, “सरांच्या खांद्यावर कपबशी ठेवता येईल.” सगळी रांग हसली. सरांना वाटलं, आपल्या विनोदाला हसतायत. ते आणखी विनोद सांगायला लागले! मी खाली बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, “फोटो बघितले. मला वाटलं, मीच वाकडा झालोय.” कोट टेबलावर ठेवला आणि गेले.

बाबांनी खांदा उसवला. आत बघितलं. “सांग तुझ्या आईला, कापूस कुठाय?”

आई पडद्यातून बाहेर आली. स्वतः! “सांग तुझ्या बाबांना, मला कोणी सांगितलंच नाही.”

“तिला सांग, मी सांगितलं होतं.”

“त्यांना विचार, कोणाला?”

“हिला!”

आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग आई, माझ्या डोक्यावरून, थेट, म्हणाली, “अहो.”

तुम्हाला सांगते, मला एवढा आनंद झाला! कोट गेला खड्ड्यात, अबोला सुटला ना! ‘अहो’ आलं! पण आनंद कसला, ती तर झडती निघाली.

“अहो, तुम्ही चहाला छान म्हणाला होतात ना?”

“मी? कधी?”

“गावात माझ्याइतकी सरळ शिवण कुणाची नाही, असं?”

बाबांनी कोट खाली ठेवला. मग म्हणाले, “नाही. आणि तू गुडघ्याचं विचारलं होतंस ना?”

“कुठल्या गुडघ्याचं?”

बाबा हळूच स्टुलावर बसले. आई उभीच. तिचा हात केसांकडे गेला आणि तिथेच थांबला. “म्हणजे तेसुद्धा हिनंच,” एवढंच म्हणाली. कोणी माझ्यावर ओरडलं नाही. अहो, मारा, रागवा, काहीतरी करा! नाही. दोघं इतकं शांत, इतकं धड बोलायला लागले की मला धडकी भरली. “मग मी बहिणीकडे जाते.” “मशीन नेशील?” “नेईन.” “पट्टा सैल झालाय, बदलून देतो.” “बरं.” इतकी सरळ वाक्यं! मध्ये गाळायला काही नाही!

मग बाबांनी विचारलं, “आणि ही?”

आई म्हणाली, “तिलाच विचारा. सांग गं, तू कुठे राहणार?”

मला! माझा निरोप! जन्मात पहिल्यांदा! तर मी काय करावं? मी बाबांकडे वळले आणि म्हटलं, “बाबा, आई विचारतेय, मी कुठे राहणार.” मग आईकडे वळले. “आई, बाबा पण तेच विचारतायत.” दोघांनाही हसू आलं, आणि दोघांनीही ते गिळलं. माझं स्वतःचं म्हणणं काही मला सापडेना. आणि माझ्यासाठी मध्ये उभं राहायला घरात दुसरं कोणी नव्हतं. एकुलती एक ना मी!

शाळा इथे, म्हणून मी इथे. सुटीच्या दिवशी आईकडे, मावशीच्या गावी. मशीन मावशीच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. पडदाबिडदा काही नाही.

आणि आता ऐका. मागच्या आठवड्यात शाळेतून येते, तर दुकानावर शिडी. वर पेंटर, खाली बाबा. पाटीवर कात्रीच्या बाजूला, टेपच्या वर, दाटीवाटीनं, मशीन! बाबांचं नाव पुसून बारीक करून लिहिलेलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “सांग तुझ्या आईला. जागा झाली म्हणावं.”

तुम्हाला सांगते, बसमध्ये मी सबंध रस्ता ते वाक्य जपून नेलं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. गेल्या गेल्या सांगितलं, “आई, बाबांनी पाटीवर मशीन रंगवून घेतलं. म्हणाले, जागा झाली म्हणावं.”

आईनं मशीन थांबवलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पुरे गं, बाळा. आता नको गाळत बसूस.”

“आई, खरंच!”

“खरं असेल तर स्वतः येऊन सांगू देत.”

आले परत. बाबांना सांगितलं, जसंच्या तसं. बाबा म्हणाले, “माझं खरं वाटत नाही? मग सांग तिला, स्वतः येऊन बघ म्हणावं.”

तर आता पाटी इकडे, मशीन तिकडे. पूर्वी नुसता पडदा उचलायचा होता, आता मध्ये बस बदलावी लागते. रविवारी निघायचंय, निरोप तोच. काय करणार... एकुलती एक असून मी मधली! निदान खिडकीची जागा मिळाली तर बघते.