विहिरीचा सातवा क्रमांक

— बसा बसा, डॉक्टरीणबाई. खुर्ची मोडकी नाही, नुसती करकरते. हं, काय म्हणालात — सातवी? माझी विहीर सातवी आली. भिंतीवर कागद लावले होते सात, त्यात सातवी. आणि हे मला तोंडानं सांगायला तुम्ही छावणीच्या संशोधन खात्याची गाडी घेऊन एवढ्या लांब आलात. पत्रावर भागलं असतं. तरी आलात — टोलिव्हर मॅकफेल आभारी आहे, तसं लिहून घ्या. पहिलं कोण आलं? सुतारपक्षी. वाटलंच. दुसरं? तोफांचा आवाज. म्हणजे आवाज कमी करणार? नाही — आवाजाच्या तक्रारी कमी करणार. बरोबर आहे, तक्रारींनी फार गोंगाट होतो. पुढचे क्रमांक राहू द्या. सातवा कळला, तेवढं पुरे.

मला एकच सांगा. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही माणशी तीन हिरव्या टिकल्या वाटल्यात. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल त्या कागदावर चिकटवा म्हणालात. आम्ही चिकटवल्या. सगळं गाव रांगेत उभं राहिलं, म्हातारी पर्विस तर चाकाच्या खुर्चीतून आली, तिला मी उचलून धरलं, कागद उंच होता म्हणून. विहिरींचा कागद एवढा हिरवा झाला की खालची अक्षरं दिसेनात. पक्ष्याच्या कागदावर टिकली एक. ती पाद्रीबाईंची. त्यांना पक्षी आवडतात. आणि जिंकला पक्षी. लोकांचं मत घेतलं असं तुम्ही वर कळवलंत ना? खोटं नाही ते. घेतलंत. कुठं ठेवलंत ते मी विचारत नाही.

नाही, नाही, समजावू नका, तुमच्या मेजरनं समजावलंय मला. भला पोरगा, अजून मिशी नीट फुटलेली नाही. म्हणाला, मिस्टर मॅकफेल, सैन्याचा पैसा सैन्याच्या कामाला. संशोधन कशावर करायचं हे ठरवताना आधी एकच विचारायचं — याच्यामुळं सराव अडतो का? आता हा पक्षी दुर्मिळ, त्याच्यामुळं अडतो. ज्या पाइनमध्ये त्याचं घरटं, त्या पाइनला पांढरा पट्टा मारायचा, आणि पट्ट्याच्या आसपास रणगाडा न्यायचा नाही, खंदक खणायचा नाही, कायदाच आहे तसा. म्हणून पक्ष्याचा अभ्यास. तो काय खातो, कुठं झोपतो, त्याला गोडीगुलाबीनं दुसरीकडं कसं न्यायचं. आणि विहिरीमुळं काय अडतं? काही नाही. मॅकफेल पाणी पितो, रणगाडा पुढं जातो. म्हणजे माझी चूक काय झाली — मी पन्नास वर्षं कुणाला अडवलं नाही. पक्षी शहाणा निघाला.

गार चहा घ्या ना. त्यातला बर्फ विरघळला. साखर जास्त वाटते का? आमच्याकडं असाच करतात. नाही? मगाशी तहान लागली म्हणालात म्हणून केला. हां — पाणी. पाणी विहिरीचंच आहे, दुसरं कुठलं असणार? तुमच्या पत्रात तर लिहिलंय, तातडीचा धोका दिसत नाही. मग पेल्याकडं असं का बघताय, त्यात साप आहे का? राहू द्या. जबरदस्ती नाही. मी पितो तुमचा.

हे बघा, तो रसायनाचा फेस तुमचा. धावपट्टीवर आग विझवायला मारायचा, सरावाला मारायचा, मग तो जमिनीत मुरायचा. माझ्या विहिरीत आला हे मी नाही म्हणत, तुमच्याच माणसांनी बाटल्या भरून नेल्या आणि तेच म्हणाले. पण कुठल्या वाटेनं आला, किती येणार, काढायचा कसा, हे कळायला संशोधन पाहिजे, आणि संशोधनाला क्रमांक पाहिजे. तोवर तुमचा ट्रक बाटलीबंद पाण्याची खोकी टाकून जातो फाटकाशी. मी ती खोकी उचलून रस्त्याच्या पलीकडं ठेवतो. फुकटचं पाणी मी पीत नाही. माझी विहीर आहे. मी आत उतरून खणली, बायको, लूएला, वर बादली ओढायला. पोटुशी होती तेव्हा. ऐकते कुठं.

लूएला? घरात नाही. डार्लाकडं गेलीय, आमची मुलगी, रॉली शहरात असते. बाळंतपणाला गेलीय. हो, झालं ना बाळ, मुलगी झाली. किती मोठी? — दुसरीत आहे.

बघू नका असं. बायको मुलीकडं राहते, त्यात काय. डार्ला पोरांना इथं आणत नाही, तुमचं ते पत्र आल्यापासून. पोरं अंघोळ करताना पाणी गिळतात म्हणे. लूएला म्हणाली, आपणच जाऊ तिकडं. मी म्हटलं, मी माझी विहीर सोडून पाहुणा म्हणून मरायला जाणार नाही. ती म्हणाली, तू विहीर सोडत नाहीस आणि मी नातवंडं सोडत नाही. भांडली नाही. कोंबड्या पर्विसबाईकडं दिल्या, परकर घड्या करून पेटीत भरले, आणि मला मक्याचा पाव कसा भाजायचा ते दोनदा सांगितलं. दोनदा. जसा मी बहिरा. रविवारी फोन करते. पाणी कसंय विचारते. मी म्हणतो, ओलं आहे. मग ती फोन ठेवते.

तर ते जाऊ दे. तुमच्या मेजरचं म्हणणं माझ्या डोक्यात बसलं. सराव अडतो का? चांगला प्रश्न आहे. सरळ आहे. मला शाळा फार झाली नाही, पण सरळ प्रश्न कळतो. सरावाच्या मैदानाला जायला मागून वाट कुठली? माझ्या रानातली. माझ्या बापानं कुठल्याशा कर्नलला हातात हात देऊन सांगितलं, जा बिनधास्त. कागद नाही, भाडं नाही. मी पण गणवेश घातलाय, मीही कधी चकार शब्द काढला नाही. तुम्ही आत्ता त्याच वाटेनं आलात. फाटक उघडं होतं ना? हां. तुम्ही शिरलात आणि मग मी लावलं. चहाचं आधण ठेवतो म्हणून मागं गेलो तेव्हा.

साखळी घातलीय. कुलूप घातलंय. मागं ट्रॅक्टर आडवा लावलाय आणि त्याची पुढची चाकं काढून ठेवलीत, नट सकाळीच ढिले केले होते. बाजूनं जातील म्हणता? जातील ना. दोन्ही बाजूंना पाइन आहेत. गेल्या वसंतात तुमच्याच पोरांनी येऊन त्यांना पांढरे पट्टे मारले, मी त्यांना बिस्किटं आणि हॅम खाऊ घातलं. मारा म्हटलं, हवे तेवढे मारा. आता त्या झाडांमधून रणगाडा नेऊन दाखवा. पक्ष्याला विचारून न्या.

हा आवाज? ट्रक आहेत. आज सराव आहे ना. रांग लागली असेल. तुमचा फोन वाजतोय, घ्या. घ्या घ्या, मी ऐकत नाही. — काय म्हणतो मेजर? शेरीफला आणतो? आणू दे. शेरीफच्या आईची विहीर माझ्या विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. मेजरला सांगा, आता क्रमांक पुन्हा लावा. टिकल्या नकोत. प्रश्न तुमचाच ठेवा.

चावी? चावी माझ्याकडं नाही. खिसे बघायचे तर बघा. कुलूप नुसतं दाबलं की लागतं, चावी मी आधीच टपालानं रॉलीला पाठवली, लूएलाकडं. फाटक ती उघडेल तेव्हा उघडेल. पाण्याचं काय करणार ते तिला जाऊन सांगा, नीट सांगा, ती पत्रातल्या भाषेला फसत नाही. तिला पटलं तर ती येईल. सैन्याच्या दुसऱ्या गाडीतनं आणा. पुढं बसवा, मागं बसलं की तिला मळमळतं.

आणि मी बोलावलं असं म्हणू नका. सैन्याचं अडलंय म्हणा.

उठा आता. गाडी राहू द्या इथंच, चालत जा फाटकापर्यंत. मला पाव भाजायचाय.