बेरंग, बेबू, बेमजा

(१९४८चा उन्हाळा, निजामाचं राज्य. उमरगा तालुक्यातल्या एका गावची पोलीस चौकी. अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार. हायस्कूलचे हेडमास्तर शिवलिंगप्पा. शिकाऊ मास्तर महारुद्र. टेबलावर काचेची बरणी, झाकणावर लाखेची मोहर.)

अमीन : सकाळी अकराला नववीत बार झाला. एवढं तर कबूल?

महारुद्र : बार न्हाय साहेब. हायड्रोजन पेटला. पेटताना त्यो वाजतोच.

अमीन : हद्दीवर रोज काही ना काही उडतंय, मास्तर. वाजलेल्या चीजेची चौकशी करावीच लागते.

हेडमास्तर : रसायनाचा धडा होता, साहेब. मी स्वतः मागच्या बाकावर होतो.

अमीन : अन् वाजल्यावर?

हेडमास्तर : बाकाखाली.

अमीन : ही दुसरी बरणी. हिच्यात काय आहे?

महारुद्र : त्योच वायू.

अमीन : दिसत तर नाही.

महारुद्र : त्याला रंग न्हाय साहेब. वास न्हाय. चव न्हाय.

अमीन : हेच. एकेका पोराला अलग बोलावून विचारलं. सगळे एकच बोलले. बेरंग, बेबू, बेमजा. इतकी सारखी गवाही मी उभ्या नोकरीत ऐकली नाही. कुणी पढवलं त्यांना?

महारुद्र : म्या.

अमीन : कबूल करता?

महारुद्र : शिकाऊ असलो तरी मास्तर हाय साहेब. पढवायचंच काम हाय.

हेडमास्तर : शाळा उर्दूत, पोरं घरी कानडी-मराठी बोलणारी. त्यांना उर्दू तेवढंच येतं, साहेब.

अमीन : मुद्देमाल उमरग्याला जायचाय. काय लिहू? बरणी रिकामी आहे लिहिलं, तर सकाळी वाजली ती बारूद. बारूद म्हणजे कैद. भरलेली लिहिलं, तर दाखवा.

महारुद्र : दाखवायचं म्हंजे पेटवायचं.

अमीन : चौकीत बार? त्याचा गुन्हा अलग.

हेडमास्तर : साहेब, तिसऱ्या प्रहरी तालीम खात्याचे शाळा तपासणारे साहेब याचा धडा बघायला येतायत. मागच्या साली नापास झालाय. यंदा झाला तर मास्तरकी गेली. अन् शाळेतलं जस्त संपलं, नवा वायू होत न्हाय. काय असंल ते या बरणीत.

महारुद्र : असंल तर. साहेब, बरणी तेवढी उलटी ठेवा, पाया पडतो. वायू लई हलका हाय. तोंड वर असलं की फटीतनं निघून जातो.

अमीन : झाकणावर सरकारची मोहर आहे. बरणी उलटली की सरकार डोक्यावर उभं. माझी नोकरी जाईल.

हेडमास्तर : मग मोहर बुडावर मारा. बरणी उलटी, सरकार सुलटं.

अमीन : हौ. कायदा मना करत नाही. पण तोंडाची लाख काढल्यावर झाकण कोण धरणार?

महारुद्र : म्या धरतो.

अमीन : मग तुम्हीपण मुद्देमाल. हलायचं नाही.

महारुद्र : न्हाय हलत. साहेब, सकाळी लाख कशावर वितळवली?

अमीन : चिमणीवर.

महारुद्र : चिमणी कुठं धरली व्हती?

अमीन : बरणीच्या तोंडाशी. लाख तिथंच लावायची होती ना.

महारुद्र : आन् वाजलं न्हाय?

अमीन : वाजलं असतं तर तुमची चौकशी दुसऱ्या अमीनानं केली असती.

हेडमास्तर : झाकण घट्ट असंल, महारुद्रा. मनाला लावून घेऊ नको. मी शाळेत जाऊन खात्याच्या साहेबांना थोपवतो.

अमीन : काय झालं? लगेच परत आलात?

हेडमास्तर : थोपले न्हायत. मुद्देमाल हलवता येत न्हाय म्हणालो, तर म्हणाले, वर्ग हलवा. पोरं ओसरीवर बसलीत. साहेब आत येऊन टेकलेसुद्धा.

अमीन : इथं काडी ओढायची?

हेडमास्तर : वाजलं तर हा पास, अन् सकाळची बारूद खोटी ठरली.

अमीन : अन् चौकीत बार केल्याचा गुन्हा?

महारुद्र : त्यो लावा साहेब. त्यो बारका हाय.

अमीन : नाही वाजलं तर?

महारुद्र : मग नापास, आन् वर कैद.

अमीन : तुमचे दोन्ही हात गुंतलेत. काडी कोण ओढणार?

हेडमास्तर : मी न्हाय.

अमीन : द्या इकडं. सरकारचा मुद्देमाल आहे, सरकारच ओढेल. मास्तर, खरं सांगा, आहे का आत?

महारुद्र : हातावरनं कळत न्हाय साहेब. डोकं जरा मागं घ्या.

हेडमास्तर : इथं एखादं बाक असंल का, साहेब?

अमीन : चौकीत एकच आहे. त्यावर तुमचे खात्याचे साहेब बसलेत.