आप्पांच्या काकडीचा मांडव

जमलेल्या मंडळींनो, आयाबायांनो, उभा राहिलोय खरा. पण मला भाषणाची सवय न्हाई. आपल्या गावात भाषण पुढाऱ्यांनी करायचं आन् शिव्या आपण द्यायच्या.

आप्पा गेलं. दौंडला रेल्वेत गार्ड व्हतं. रिटायर होऊन गावात आलं ते शिट्टी आन् दोन झेंडं घेऊनच, आन् व्हॉलीबॉलचं पंच झालं. हिरवा झेंडा म्हंजी सर्व्हिस, लाल म्हंजी फॉल.

मग तिकडं मुंबईत पक्ष फुटला आन् हिकडं आपलं गाव. आठवतंय ना? चहाच्या टपऱ्या दोन. होळ्या दोन. तळेगावच्या बाजाराला जीपा दोन. रामभाऊमामा वारलं तर शोकसभाबी दोन! फोटो एकच, त्यो एका सभेतनं दुसऱ्या सभेत पळवत न्यावा लागला. हसू नका, पळवणारा मीच व्हतो.

व्हॉलीबॉलचं नेट आमच्या गटाकडं आलं. खांब गेलं माझ्या चुलतभावाकडं, दत्तूकडं. आमची विहीर एक, मोटर एक, आन् दोन वर्षं बोलणं बंद. मोटर चालू केल्याचा निरोप बायका द्यायच्या.

एक दिवस आप्पा माझ्याकडं आलं. "सदा, काकडीचा वेल चढवायचाय. नेट दे." दिलं. दत्तूला म्हणालं, "काकडीचा मांडव घालायचाय. खांब दे." त्यानंबी दिलं. आता मला सांगा, आप्पांचं रान केवढं? दारातली तुळस! आमच्या डोक्यात कसं आलं न्हाई?

सकाळी बघतोय तर मांडव शाळेच्या मैदानात. मी नेट सोडायला धावलो, दत्तू खांब उपटायला. मागं दोन्हीकडची माणसं. आप्पांनी शिट्टी फुंकली. "जिंकंल त्यो घिऊन जाईल!"

झालं, खेळ सुरू. आन् पंच म्हणून आप्पा... अरं देवा! हातभर बाहेर पडलेला बॉल आत दिला. पॉइंट दत्तूला. मी तोंड उघडायच्या आत दत्तूच वरडला, "आप्पा, आउट हाय! म्या बघितला!" सोताचा पॉइंट घालवला गड्यानं. मी म्हणालो, "दत्त्या, खरं बोल्लास." दोन वर्षांतलं पयलं बोलणं. तवापासनं रोज संध्याकाळी खेळ, आन् दोन्ही गट मिळून आप्पांवर वरडायचं. कोण जिंकलं? आप्पांनी शेवटपर्यंत ठरूच दिलं न्हाई.

काल आप्पांना पोचवून आलो. निवडणूक तोंडावर. आमच्यातलं एकजण कानाला लागलं, "नेट काढून आण, त्यांनी न्यायच्या आत." खोटं कशाला बोलू? गेलो मी. बघतो तर खांबापाशी दत्तू, हातात पक्कड. माझं डोस्कंच फिरलं. "खांब न्यायला आलास व्हय?"

त्यो वळला. डोळं लाल. म्हणाला, "नेट ढिलं पडलंय, सदा. ताणतोय. दुसरं टोक धर."

धरलं. दोघंबी रडलो, सांगायला लाज कसली?

दत्तू, ये, हितं माझ्याजवळ उभा ऱ्हा. मंडळी, आप्पांसाठी दोन मिनिटं उठा. शेजारी कोण हाय ते बघू नका. आन् बघितलंच, तर सरकू नका.