एवढासा रकाना

नाईलकाठच्या विद्यापीठात निवृत्तांच्या औषधकार्डाची रांग होती. रांगेत उभ्या असलेल्या नगला नावाच्या बाईंच्या पुढे माजी कुलसचिव वगीहसाहेब आणि तिथंच झाडलोट करून निवृत्त झालेली उम्म शौकी बोलत होते.

“चष्मा विसरलात? आणा, मी भरते अर्ज.”

“भर बाई. हुद्दा लिही. माजी कुलसचिव, विभागप्रमुख, सल्लागार, शिवाय...”

“रकाना भरला, साहेब.”

“एवढासा? कुठल्या गाढवानं आखला हा अर्ज?”

“खाली छापलंय. समिती अध्यक्ष, डॉक्टर वगीह...”

“पुरे, पुरे! हळू वाच. खोड ते सगळं.”

“मग काय लिहू?”

“शुक्रवारच्या आपल्या फुकट साक्षरता वर्गात मला काय म्हणता तुम्ही बायका?”

“उस्ताद.”

“तेवढं मावेल. लिहिता येईल ना?”

“न यायला काय झालं? तुम्ही शिकवलेला पहिलाच शब्द तो!”

“म्हणजे तिथंही आधी माझीच पाटी रंगवून घेतली मी!”